‘इतर’ नको म्हणणारे बाणकाका

बाणकाकांना रस्ता विचारू नये, हे त्यांच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तर बरोबर मिळतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण त्याआधी "नेमकं कुठे जायचंय?", "कशासाठी जायचंय?" आणि "तेच काम दुसरीकडे झालं तर चालेल का?" एवढ्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. केस कापायला निघालेला शेजारचा एक माणूस या चौकशीनंतर नवा चष्मा लावून घरी आला. केस डोळ्यांवर येतात असं त्याला वाटत होतं. काकांनी शोधून काढलं की त्याला दिसतच नव्हतं.

काका आज वेबसाइटचे नकाशे काढतात. वेबसाइट प्रत्यक्ष बांधण्याचं काम त्यांची पुतणी करते. साइटमध्ये कोणती पानं असावीत, कोणतं पान कोणाच्या पोटात जावं आणि आत आलेल्या माणसाला वरच्या मेन्यूत कोणते शब्द दिसावेत, हे काका ठरवतात. संगणकाला त्यांनी अजून फारसा हात लावलेला नाही. त्यांना त्याची भीती वाटते असं नाही. त्याच्यावर ब्रश चालत नाही, एवढीच त्यांची हरकत आहे.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ब्रशच चालवला. दुकानांच्या पाट्या त्यांना दिखाऊ वाटत. ते फक्त बाण रंगवत. इस्पितळात एक्स-रे कुठे, कचेरीत दाखले कुठे, बसस्थानकात स्वच्छतागृह कुठे. बाणकाका हे नाव त्यातूनच पडलं. रंग लावण्याआधी ते कागदाचा बाण चिकटवायचे, समोरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि लोक कुठे चुकतात ते पाहायचे. एकदा दाढ दुखणारा एक गृहस्थ त्यांच्या कागदी बाणाच्या भरवशावर बाळंतिणींच्या खोलीबाहेर जाऊन बसला. गालावर हात, डोळ्यांत पाणी. नर्स बाहेर आली, तिने त्याचं अभिनंदन केलं आणि मुलगी झाल्याचं सांगितलं. तो इतका गांगरला की त्याने आभार मानले. काकांनी तो बाण काढून उलटा लावला. चूक कधीच माणसाची नसते, बाणाची असते, हे त्यांचं मत त्या दिवशी पक्कं झालं.

दुसरं मत एका कचेरीत पक्कं झालं. तिथे बऱ्याच खिडक्या होत्या आणि शेवटच्या खिडकीवर ‘इतर’ असं लिहायला सांगितलं होतं. काकांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात तर सगळी रांग त्या एका खिडकीपुढे. बाकीच्या खिडक्यांतले कारकून एकमेकांना कोडी घालत बसले होते. हा काकांनी व्यक्तिगत अपमान मानला. "इतर म्हणजे पाटीवाल्याने टेकलेले हात," असं ते म्हणू लागले. त्यानंतर त्यांनी तो शब्द कधी रंगवला नाही. एका साहेबांनी फारच आग्रह धरला तेव्हा काकांनी आगाऊ घेतलेले पैसे परत केले आणि शिडी उचलली.

पुढे छापील बोर्ड आले आणि ब्रशचं काम गेलं. तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, वेबसाइट म्हणजे इमारतच असते. लोक आत शिरतात आणि हरवतात. तुम्ही या." काका गेले. त्यांची पद्धत साधी आहे. साइटवर जे जे यायचं, त्या प्रत्येक गोष्टीची एक चिठ्ठी करायची. चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या. ज्या चिठ्ठ्या एकमेकींजवळ बऱ्या वाटतात त्यांचे ढीग करायचे, आणि प्रत्येक ढिगाला असं नाव द्यायचं की वाचणाऱ्याला आत काय आहे ते उघडून न बघता कळावं. एकही चिठ्ठी हातात उरता कामा नये.

ही पद्धत काकांनी घरीही वापरून पाहिली होती. काकू बहिणीकडे गेल्या असताना त्यांनी स्वयंपाकघराची नवी मांडणी केली. ‘चिरायचं’, ‘पुसायचं’, ‘उकळायचं’ अशी कप्प्यांना नावं दिली. उकळायच्या कप्प्यात चहाची पूड, साखर आणि रुमाल उकळायचा सोडा शेजारी शेजारी आले. काकू परतल्या त्या संध्याकाळी पाहुण्यांना फेस आलेला चहा मिळाला. पाहुण्यांनी तो प्यायला आणि पुन्हा ते आले नाहीत. काकूंनी सगळं होतं तिथे ठेवलं आणि ओट्याखालचा एक खण दाखवून बजावलं, "हा खण माझा. याचा नकाशा काढायचा नाही."

"पण यात असतं काय?"

"ते तुम्हाला कळलं तर तुम्ही लावून ठेवाल."

तर असे हे काका एका सकाळी शिवणसामानाच्या दुकानात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन उभे राहिले.

दुकान अरुंद आणि खोल, एखाद्या बोळाला छप्पर घालावं तसं. तीन भावंडं ते चालवतात. दारापाशी थोरले, ज्यांना सगळा बाजार दादा म्हणतो. त्यांच्यामागे भिंतभर खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर आतल्या बटणाचा एक नमुना टाचलेला. मध्यभागी धाकटे आणि त्यांचे दोरे, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रंगांच्या उतरंडीने लावलेले. सगळ्यात मागे, पंख्याखाली, ताई. त्यांच्या काउंटरवर त्यांनीच लावलेली पाटी होती: ‘इतर’.

वडिलांनी दुकान वाटून दिलं तेव्हा थोरल्याला बटणं आली, धाकट्याला दोरे आले आणि मधल्या मुलीला राहिलेलं. राहिलेल्यात त्या वेळी खडूची एक पेटी आणि इलास्टिकचं एक रीळ होतं. ताईंनी लग्न केलं नाही, तक्रार केली नाही, आणि राहिलेलं वाढवत नेलं. आता तिथे चेन, वेलक्रो, खांद्याचे पॅड, पडद्याच्या कड्या, लोकरीचे गोंडे, पिसं, शिवताना बोटात घालायची अंगुस्तानं आणि बाहुल्यांचे डोळे होते. डोळ्यांचे दोन प्रकार होते, मिटणारे आणि न मिटणारे.

काकांची नजर पाटीवर पडली. "हे आधी काढावं लागेल," ते म्हणाले.

"पाटी?" ताईंनी विचारलं.

"पाटी राहू द्या हो. मी साइटवरचं म्हणतोय. माझ्या नकाशात इतर नसतं."

"बरं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी चिठ्ठ्या लिहायला काकांना खडू दिला. पेन्सिलीने हात काळे होतात, त्यांनी सांगितलं.

साइट हवी होती ती दादांना. समोरच्या गादीवाल्याने केली होती, आणि गादी जर घरबसल्या विकली जाते तर बटणाने काय घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल होता. साइट म्हणजे काय याबद्दल त्यांची कल्पना थोडी धूसर होती. पुतणीने कागदावर चौकोन काढून "इथे एक बटण येईल" असं सांगितलं तेव्हा त्यांनी "किती भोकांचं?" असं विचारून घेतलं.

चिठ्ठ्यांचं काम काकांनी दुकानाच्या जमिनीवरच केलं. गिऱ्हाइकं चिठ्ठ्यांवरून उड्या मारत जात होती. बटणं, हूक, चेन, वेलक्रो आणि इलास्टिक एका ढिगात गेलं. त्याचं नाव ‘बंद करायचं’. दोरे, सुया, खडू, अंगुस्तानं दुसऱ्या ढिगात, नाव ‘शिवायचं’. लेस, गोंडे आणि पिसं ‘नटवायचं’मध्ये. शेवटी बाहुल्यांचे डोळे तेवढे उरले. काका त्यांच्याकडे बराच वेळ पाहत बसले आणि डोळे काकांकडे. मग एकदम काकांचा चेहरा उजळला. मिटणारे डोळे ‘बंद करायचं’मध्ये आणि न मिटणारे ‘नटवायचं’मध्ये! हातात एकही चिठ्ठी उरली नाही. आपल्या आयुष्यातला हा सर्वांत स्वच्छ नकाशा आहे, असं ते त्या दिवशी काकूंना जेवताना पुन्हा पुन्हा सांगत होते. डोळ्यांचं काय झालं ते काकूंनी समजून घेतलं आणि मीठ वाढलं.

दुसऱ्या दिवशी नकाशा भावंडांपुढे ठेवला. दादांनी तो वाचला, परत वाचला आणि मांडीवर थाप मारली.

"वा! म्हणजे बंद करायचं मी बघतो, शिवायचं आणि नटवायचं धाकट्याकडे. मग मागचं काउंटर मोकळंच झालं की!"

"मोकळं कसं?" काकांनी विचारलं.

"अहो, ऑर्डरी आल्या की पॅकिंगला जागा नको? मी धाकट्याला म्हणतच होतो, ज्याचं नाव मेन्यूत त्याचं काउंटर राहील, बाकीचं पॅकिंगला. आता तुम्हीच सोडवलंत. सुताराला उद्या बोलावतो."

"तसं काही मी म्हटलेलं नाही."

"नकाशा तुम्हीच काढलात ना?"

ताई मागून उठून आल्या. त्यांनी चष्मा लावला आणि नकाशावर बोट फिरवलं. "मी कुठे आहे यात?"

काका उत्साहाने दाखवू लागले. "तुमचं इलास्टिक इथे. खडू इथे. डोळे तर बघा कसे..."

"सामान दिसलं मला. मी कुठे आहे?"

काकांचं बोट नकाशाभर फिरलं आणि टेकायला जागा न मिळून परत आलं.

"ताई, तू आता आराम कर," दादा म्हणाले. "खूप केलंस."

"आराम कशात येतो? बंद करायचंमध्ये?"

धाकटे हसले, मग दादांकडे बघून थांबले. ते भांडणात नेहमी मध्ये बसतात, दुकानातल्यासारखे. "काका, काहीतरी बघा ना," ते हळूच म्हणाले. "ताई गेली तर दुपारी दादाशी मी एकट्यानेच बोलायचं का?"

काका अडचणीत सापडले. एक बाई दुकानातून निघून चालली होती आणि तिला बाहेर काढणारा बाण त्यांनीच लावला होता. उपाय त्यांना माहीत होता. एक शब्द लिहायचा की झालं. पण तो शब्द ते लिहीत नसत. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. "अजून काही ठरलेलं नाही," ते म्हणाले. "पायी चाचणी व्हायची आहे. त्यात नकाशा टिकला तर टिकला."

"आणि टिकला तर सुतार," दादा म्हणाले.

पायी चाचणी हा काकांचा शोध आहे. साइट बांधण्याआधी ते माणसांनाच पानं करतात. प्रत्येकाच्या गळ्यात पानाच्या नावाची पाटी. गिऱ्हाइकाने येऊन खांद्यावर टिचकी मारायची, म्हणजे ते पान उघडलं. पानाने आपल्यावर लिहिलंय तेवढंच बोलायचं आणि पुढचं पान बोटाने दाखवायचं. आणि मुख्य नियम, जो काकांनी सगळ्यांना दोनदा ऐकवला: जे साइटवर नाही ते बोलत नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सगळे जमले. दादांच्या गळ्यात ‘मुख्य पान’. तेच आतल्या ‘बंद करायचं’ या पानाचंही काम करणार होते, म्हणून ती पाटी त्यांच्या काखेत. धाकट्यांच्या छातीवर ‘शिवायचं’ आणि पाठीवर ‘नटवायचं’. मागणीप्रमाणे त्यांनी वळायचं. पुतणी झाली ‘मागे जा’. गिऱ्हाईक "मागे" म्हणालं की त्याचे खांदे धरून त्याला आधीच्या पानावर नेऊन सोडायचं, हे तिचं काम. दादांनी आधीच सांगून ठेवलेला सुतार वेळेवर आलाच होता. तो मागच्या काउंटरला टेप लावू लागला. ताई पंख्याखाली विणत बसल्या होत्या. त्यांच्या गळ्यात काही नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बँडचे निवृत्त मास्तर. त्यांच्या कोटाचं एक पितळी बटण गळालं होतं. त्यांनी दादांच्या खांद्यावर टिचकी मारली.

"या, या, बसा!" दादा म्हणाले. "काय म्हणतंय घरी?"

"लिहिलंय तेवढंच!" काका ओरडले.

"अहो, आलेल्या माणसाला बसा नको म्हणायला?"

"मुख्य पान बसा म्हणत नाही!"

"मग ते उद्धट पान आहे." दादांनी नाइलाजाने तीन नावं वाचून दाखवली. मास्तरांनी ‘बंद करायचं’वर टिचकी मारली. त्याबरोबर दादांनी पाटी बदलली, मास्तरांना कोपराने बाजूला सारून पळत आपल्या काउंटरमागे गेले आणि धापा टाकत म्हणाले, "या, या, बसा! काय म्हणतंय घरी?"

"आत्ताच विचारलंत ना," मास्तर म्हणाले.

"ते मुख्य पान होतं. मी वेगळा."

मास्तरांना बटण मिळालं, पण सोबत पुतण्याच्या नोकरीपासून गुडघ्याच्या दुखण्यापर्यंत सगळी चौकशीही मिळाली. काकांनी वहीत एक फुली आणि एक टिक केली. अजून नकाशा जिवंत होता.

मग आल्या शाळेच्या नाटकवाल्या बाई. त्यांना गाढवाची शेपूट हवी होती. म्हणजे गाढवाचं काम करणाऱ्या मुलाला बांधायची. हलली पाहिजे, पण मागे बसलेल्यांच्या डोळ्यांत जाता कामा नये.

त्यांनी मुख्य पानाकडून तिन्ही नावं ऐकली. "शेपूट बंद तर करायची नाही," त्या विचार करत म्हणाल्या. "शिवायचंच बघते." आणि धाकट्यांच्या खांद्यावर टिचकी मारली.

"दोरे, सुया, खडू, अंगुस्तानं," धाकटे म्हणाले.

"शेपूट?"

"दोरे, सुया, खडू, अंगुस्तानं."

"अरे, कालपर्यंत माणसासारखा बोलत होतास!"

"मी पान आहे बाई," धाकटे कळवळून कुजबुजले.

"मागे," बाई म्हणाल्या. पुतणीने त्यांचे खांदे धरले आणि त्यांना दारात दादांपुढे उभं केलं. दादा धावत येऊन तिथे पोचतच होते. "या, या, ब..." त्यांनी काकांकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. बाईंनी आता ‘नटवायचं’ उघडलं. धाकटे गर्रकन वळले आणि पाठ करून भिंतीशी बोलू लागले, "लेस, पिसं, गोंडे, न मिटणारे डोळे."

"पिसांचं गाढव?"

"लेस, पिसं..."

"मागे!"

बाईंनी ‘बंद करायचं’ही पाहिलं. तिथे दादांनी त्यांना चेन लावलेली शेपूट सुचवली, म्हणजे नाटक संपलं की काढता येईल. मग पुन्हा मागे, पुन्हा मुख्य पान. दादा आता भिंतीला धरून उभे होते. मुख्य पान आणि आतलं पान यांच्यामध्ये पळून पळून त्यांचा रंग उतरला होता. शेवटी बाईंनी पुतणीचे हात खांद्यांवरून झटकले आणि तडक दुकानाच्या टोकाला गेल्या.

"ताई, तुम्हीच काय ते सांगा. गाढवाची शेपूट करायचीय."

ताईंनी विणकाम खाली ठेवलं, आपल्या रिकाम्या गळ्याकडे बोट दाखवलं आणि ओठ मिटून घेतले.

"घसा बसलाय?"

ताईंनी मान हलवली.

"मग?"

ताईंनी पुन्हा गळा दाखवला, मग काकांकडे बोट केलं आणि विणकाम उचललं. त्या दिवशी त्या दुकानात नियम काटेकोरपणे पाळणारी तेवढी एकच व्यक्ती होती.

"ताई, सांगून टाक ना," दादा दारातून म्हणाले.

ताई विणत राहिल्या.

"काका, सांगा तिला!"

"नियम आहे," काका पडत्या आवाजात म्हणाले. "साइटवर नाही ते बोलत नाही."

"अहो, ती माझी बहीण आहे!"

"बहीण आहेत. पान नाहीत."

मास्तर निघता निघता थांबले होते. त्यांना आठवलं की कोटाच्या खांद्याचा पॅडही सरकलाय. तो पॅड ‘बंद करायचं’, ‘शिवायचं’ की ‘नटवायचं’ हे त्यांना ठरवता येईना. ते येऊन बाईंच्या मागे उभे राहिले. सुताराने काउंटरवर कुठे कापायचं त्याची पेन्सिलीने रेघ मारली होती. "ताई, कडेपासून इथपर्यंत बरोबर ना?" त्याने विचारलं आणि उत्तर येईना म्हणून तोही रांगेत उभा राहिला. धाकट्यांना बरेच दिवसांपासून ताईंना काहीतरी विचारायचं होतं. पाठीवरची पाटी सावरत तेही मागे लागले.

काका आपल्या स्टुलावरून हे पाहत होते. सगळी रांग शेवटच्या खिडकीपुढे. बाकी काउंटर ओस. दारात एकटे दादा, आणि ते पुतणीला एक कोडं घालत होते.

इतक्या वर्षांनी तीच कचेरी समोर उभी होती, फरक इतकाच की या वेळी खिडकीतल्या माणसाच्या गळ्यात पाटी नव्हती. काकांनी स्वतःच ‘इतर’ नकाशातून काढलं होतं आणि तरीही लोक तिथेच आले होते. चूक माणसांची नसते, हे त्यांचंच म्हणणं. मग ती कोणाची, हे त्यांना विचारायची गरज उरली नाही. ते उठले, एक कोरा पुठ्ठा घेतला, खिशातून ब्रश काढला आणि ताईंसमोर जाऊन उभे राहिले.

"‘विशेष’ लिहू?" त्यांनी विचारलं.

ताईंनी मान हलवली. नाही.

"‘विविध’? बरा शब्द आहे. ‘संकीर्ण’?"

संकीर्णला ताईंनी नुसत्या भुवया उडवल्या.

"‘आणखी काही’? ‘खास तुमच्यासाठी’?" काकांचा आवाज विनवणीवर आला होता.

ताईंनी विणायची सुई उचलली आणि तिच्या टोकाने काउंटरवरची आपली जुनी पाटी दाखवली.

काकांनी पुठ्ठ्यावर ब्रश टेकवला. पहिलं अक्षर वेडंवाकडं आलं. बाकीची नीट उतरली. सवयीने त्यांनी पुढे एक बाणही काढला. मग सुतळी ओवून पुठ्ठा ताईंच्या गळ्यात घातला. ताईंनी पुठ्ठा सरळ केला, घसा खाकरला आणि आपलं पहिलं वाक्य बोलल्या.

"धाकट्या, पंखा वाढव. आणि ही सुतळी काचतेय, तुझ्याकडची फीत दे." मग त्या बाईंकडे वळल्या. "हं. गाढव उभं राहणार आहे की बसणार आहे?"

"उभं. शेवटी लाथ मारतं."

"मग पडद्याची दोरी नको, लागेल कुणाला. इलास्टिक घेऊ. टोकाला गोंडा." त्यांनी इलास्टिकचं रीळ काढलं, टोक काउंटरच्या कडेला धरलं, ताणलं आणि सुताराने मारलेल्या रेघेपाशी कापलं. "एवढी पुरे. मुलगा बुटका असेल तर वरून दुमडा."

दादा जवळ आले होते. ते काही बोलायच्या आत काका म्हणाले, "मेन्यूत नाव आहे दादा. तुमचाच नियम. काउंटर राहील."

"पण पॅकिंग?"

"मुख्य पानाला काउंटर कशाला लागतं?" ताईंनी मान वर न करता विचारलं. "तू दारात उभा राहून या बसा म्हणतोस. अर्ध्या जागेत म्हण."

"माझी बटणं!"

"बंद करायचंमध्ये आहेत ना. मग बंद कर आणि रच."

"मग मी नक्की काय कापू?" सुताराने विचारलं. तेव्हा धाकट्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी बाजू घेतली आणि दादांच्या काउंटरकडे बोट दाखवलं. काकांना ते बोट आवडलं. बाणासारखं सरळ होतं, असं ते नंतर म्हणाले.

साइट सुरू झाली. उघडल्याबरोबर पहिल्या पानावर "या, बसा" असं येतं. दादांनी या एका अटीवर अर्धं काउंटर सोडलं. त्याखाली चार नावं: बंद करायचं, शिवायचं, नटवायचं, इतर. लोक सर्वांत आधी कुठे जातात हे पुतणी काकांना सांगत नाही, आणि काका विचारत नाहीत. दादा आता आपल्या उरलेल्या काउंटरवर पार्सलं बांधतात आणि प्रत्येक पार्सलावर घरच्यांची खुशाली विचारतात. काही गिऱ्हाइकं उत्तरं पाठवतात. मास्तरांच्या गुडघ्याचं सगळं त्यांना पत्राने कळतं.

चाचणीच्या रात्रीच काकांनी घरी काकूंना झालेलं सगळं सांगितलं होतं, पहिलं अक्षर कसं वेडंवाकडं आलं तेही. काकूंनी ऐकून घेतलं. "मग आता माझा खण उघडून बघायचाय का?" त्यांनी विचारलं.

काकांनी थोडा विचार केला. "नको," ते म्हणाले. "एका आठवड्यात एवढं बास."

एक गोष्ट मात्र त्यांच्या नकाशात नव्हती आणि अजूनही त्यांना खुपते. ताईंनी सुताराची रेघ पुसली नाही. उलट खिळ्याने कोरून पक्की केली. काउंटरची कड ते ती रेघ एवढं अंतर आता दुकानात माप म्हणून चालतं, आणि त्या मापाला शेपूट म्हणतात. शिंपी येतात आणि "दोन शेपट्या इलास्टिक द्या" म्हणतात. साइटवर इलास्टिक घ्यायला गेलं की मापाच्या रकान्यात सेंटिमीटर, मीटर आणि शेपूट असे तीन पर्याय दिसतात. काकांनी तिसऱ्याला कडाडून विरोध केला. ताईंनी गळ्यातली फितीची पाटी काढून त्यांच्यासमोर ठेवली, ओठ मिटले आणि विणायला घेतलं. संध्याकाळपर्यंत त्या बोलल्या नाहीत. संध्याकाळी शेपूट साइटवर गेली.

परवा परगावच्या एका बाईंचा पुतणीकडे फोन आला. साइटवर शेपूट लिहिलंय, म्हणजे नेमकी किती लांब, असं त्या विचारत होत्या. पुतणीने फोन काकांच्या हातात दिला.

काकांनी डोळे मिटून घेतले. "आधी सांगा," ते म्हणाले, "गाढव उभं आहे की बसलेलं?"